पत्र्याची घंटी

डोंगरात अजून नुसत्या पायवाटाच होत्या, तेव्हाची ही गोष्ट. ठकूबाईच्या कळपात एक बैल, चार म्हशी आणि पुष्कळ शेळ्या एकत्र चरत. बैलाच्या गळ्यात पितळी घंटा, म्हशींच्या गळ्यात लाकडी आणि शेळ्यांच्या गळ्यात पत्र्याची.

पितळी घंटेला ही खिचडी खपेना. एक दिवस ती म्हणाली, "कळप एक, तर नादही एकच हवा. उद्यापासून सगळ्यांनी माझ्यासारखंच वाजायचं."

"आम्ही वेगळं वाजलो म्हणून कधी कळप सोडून गेलो का?" लाकडी घंटेनं विचारलं. पितळी घंटेनं नुसतं टणटण वाजून दाखवलं. मग सगळ्या घसा ताणून टणटण शिकल्या.

आठवड्याभरात डोंगरावर दाट धुकं उतरलं. त्यात एक गाभण शेळी कड्याच्या कपारीत अडकली. तिची घंटी शिकवल्याप्रमाणे टणटणत राहिली. खाली ठकूबाईनं कान दिला.

"बैलच आहे वर. येईल आपला आपण, त्याला वाट ठाऊक आहे," म्हणत ती घराकडे निघाली.

तेवढ्यात शेळीचा पाय घसरला. घंटी इतकी घाबरली, की शिकवलेलं सगळं विसरून खुळखुळली.

ठकूबाई गर्रकन वळली. "अगं बाई, ही तर माझी शेळी!" ती धावत कडा चढली आणि शेळीला धरून खाली घेऊन आली.

पितळी घंटा हळूच म्हणाली, "वाजा गं, आपापलं."

धुक्यात ठकूबाई पुढे चालत होती. मागून टणटण, टोकटोक, खुळखुळ ऐकू येत होती. कळप पुरा आहे, हे तिला मागे वळून न पाहताच कळलं.