तंबोरीची सरकलेली खुंटी

फार फार जुनी गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊनच ऐकावी.

एका राजाच्या नगरीत तंबोरे जुळवणारा एक कारागीर होता. कान तयार, हातात कसब, पण नाक कायम वर. दरबारातले थोरले तंबोरे तो जीव ओतून जुळवी. कुणी लहानशी तंबोरी आणली, की म्हणे, "असल्या खेळण्यात सूर टिकतो होय?" नगरातले बाकीचे कारागीरही माना डोलवत. सगळ्यांचं मत एकच असलं, की ते तपासायची तसदी कोण घेतो!

एकदा देवळात गाणारीची जागा रिकामी झाली. राजासमोर परीक्षा ठरली. एका कोष्ट्याची लेक आपली तंबोरी घेऊन कारागिराकडे आली.

"काका, उद्या गायचंय. नीट जुळवून द्या हं."

तार ताणायची, उतरली की पुन्हा चढवायची, खुंटीला खडू लावून ती घट्ट बसवायची, ही त्याची रीत. पण तंबोरीसाठी एवढं कोण करणार? त्यानं तारा कशाबशा जुळवल्या आणि पोरीला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी ती गाऊ लागली. सभा डोलू लागली. तेवढ्यात खुंटी हळूच सरकली, तार उतरली. गळा आणि तार जुळेनात. पोर घाबरली, अडखळली, थांबली.

"माझाच गळा कच्चा आहे, महाराज," ती मान खाली घालून म्हणाली.

कारागीर तिथंच बसला होता. गळा खरा होता, तार चुकली होती, हे त्याच्या कानांनी केव्हाच ओळखलं होतं. पण अब्रूच्या भीतीनं तो गप्प राहिला. जागा दुसरीला मिळाली.

त्याला अन्न गोड लागेना. शेवटी तो कोष्ट्याच्या घरी गेला. तंबोरी कोपऱ्यात धूळ खात पडली होती. त्यानं खुंट्यांना खडू लावला, तारा पुन्हा पुन्हा ताणल्या. दिवसभर तंबोरीचा सूर हलला नाही.

"म्हणजे माझा गळा बरोबर होता?"

"होता, पोरी. चूक माझी होती."

"मग काका, तेव्हाच का नाही बोललात?"

कारागिराला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं भर सभेत जाऊन सगळं कबूल केलं. पण दिलेली जागा राजाला परत घेता येईना.

पोरगी पुन्हा गाऊ लागली. मात्र गाता गाता मधेच थबकून खुंटीकडे पाहायची सवय तिला जन्मभर राहिली. ती थबकली, की कारागिराची मान खाली जाई.

बोध: काम हलकं समजून केलेल्या हयगयीची शिक्षा निरपराध माणसाला भोगावी लागते.