विरोधात एक हात

"म्हणजे ख्रिस्ती माणसानं राजकारणात पडूच नये, असंच ना, बाबा?"

साळवेबाबांच्या पुढ्यातल्या सुपात तुरीच्या शेंगा होत्या. एकेक शेंग उचलून ते अंगठ्यानं फोडत होते. दाणे वाटीत पडत होते, टरफलं टोपलीत.

आशेर रणनवरे आवाज चढवून म्हणाला, "चर्चच्या मंडळीतले वडीलधारे तेच म्हणतात. मेंढरानं लांडग्यांत जाऊन काय मिळवलं, म्हणतात."

"आणि तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं विचारणारं कुणी उरलंय कुठं…"

बाबांनी एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची शेंग उचलली.

बेलपिंपरी गावाबाहेरच्या टेकडीवर, मिशनच्या जुन्या कौलारू खोलीत हे साळवेबाबा राहायचे. उभी हयात चर्चचे पाळक म्हणून काढली, बायको मातीआड झाली, आणि मग ते वर येऊन राहिले ते राहिलेच. बोलायला लिंबाचं झाड आणि ऐकायला देव, असं गाव त्यांच्याबद्दल म्हणायचं. आशेरचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातचा. रविवारच्या शाळेत त्याला मोशे आणि दावीद त्यांनीच शिकवले होते. पण नगरसेवक झाल्यापासून आशेर टेकडी चढला नव्हता. वेळच मिळत नव्हता.

आज वेळच वेळ होता.

बेलपिंपरीच्या नगरपालिकेत निवडून गेलेला तो पहिला ख्रिस्ती माणूस. निकालाच्या दिवशी मंडळीनं त्याला हार घातला होता, उपकारस्तुतीची गीतं गायली होती. म्हाताऱ्या बायका त्याचा हात हातात घेऊन रडल्या होत्या. आपलाही माणूस आता आत बसणार…

आणि मग तो ठराव आला.

नदीकाठची भिल्लवस्ती उठवायची आणि त्या जागी दुकानांचं संकुल बांधायचं. ठराव आशेरच्याच पक्षाचा. पक्षानं व्हिप काढला, सगळ्यांनी बाजूनं मत द्यायचं. शिवाय पुढाऱ्यानं आशेरच्या खांद्यावर हात टाकून त्याला कोपऱ्यात नेलं. "एवढा ठराव होऊ द्या, रणनवरे. तुमच्या कब्रस्तानाला भिंत बांधून देतो."

ती भिंत मंडळी कित्येक वर्षं मागत होती. गुरं आत शिरायची, कबरींवरची फुलं खायची.

सभेत नगराध्यक्षांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूनं?" सभागृहात हातांचं रान उभं राहिलं.

"विरोधात?"

एक हात वर झाला. एकच.

पक्षानं त्याच संध्याकाळी आशेरला बाहेर काढलं. भिंतीचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही. रविवारी प्रार्थनामंदिरात तो आणि त्याची बायको सुवार्ता ज्या बाकावर बसायचे, त्या बाकावर तिसरं माणूस आलं नाही. उपासना सुटल्यावर दारात मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यानं त्याला अडवलं. "जिवंतांचं सोड. आमच्या मेलेल्यांनाही तू उघड्यावर ठेवलंस."

हे सगळं त्यानं बाबांना सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कापला नाही. घरून निघाल्यापासून मनात घोळवलेलंच होतं ते. शेवटी ताठ बसून तो म्हणाला, "संदेष्ट्याला त्याच्या गावात मान नसतो, बाबा. तुम्हीच शिकवलंत."

शेंग फुटली. एक दाणा वाटीऐवजी जमिनीवर पडला. बाबांनी तो शोधून उचलला, फुंकला आणि वाटीत टाकला.

"तू संदेष्टा म्हणून उभा होतास?"

"म्हणजे… प्रभूचा प्रतिनिधी म्हणूनच उभा राहिलो होतो ना."

"मतं कुणी दिली?"

"लोकांनी. आपल्या वस्तीनं. बाजारपेठेतल्या लोकांनी. भिल्लवस्तीनंही दिली, सगळ्यांनी."

"आणि प्रभूनं?"

आशेर गोंधळला. "प्रभू कसं मत देईल…"

"नाही ना? मलाही वाटलंच. मतदार यादीत त्याचं नाव कधी दिसलं नाही."

बाबा हसले नव्हते. आशेरला मात्र कुणीतरी आपल्याला हसल्यासारखं वाटलं. चार गोड शब्दांसाठी तो एवढी चढण चढून आला होता. गावात कुणी देत नव्हतं म्हणून.

"बाबा, मी एकटा उभा राहिलो. त्या सगळ्यांत एकटा! तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही?"

"कसा उभा राहिलास?"

"कसा म्हणजे?"

"हात कसा वर केलास? दाखव."

आशेरनं उजवा हात वर केला. ताठ, कानाला लागून, बोटं जुळवलेली.

"असा."

"बरं," बाबा म्हणाले. "राहू दे तसाच."

आणि ते पुन्हा शेंगा फोडू लागले.

आशेर वाट पाहू लागला. बाबा आता काही बोलतील, मग काही बोलतील. खाली गावात गिरणीचा पट्टा चालू झाला, बंद झाला. लिंबाखाली एक कोंबडी माती उकरत होती.

हात जड झाला. खांद्यातून कळ निघाली. खाली घ्यावा का? पण घेववेना. सभागृहात हा हात किती हलका होता! पिसासारखा वर गेला होता.

"तुझ्या डाव्या हाताला कोण बसलं होतं?" बाबांनी सुपातून नजर न काढता विचारलं.

"सिंधूताई गीते. आमच्याच पक्षाच्या."

"त्यांनी कुठं मत दिलं?"

"ठरावाच्या बाजूनं. सगळ्यांनीच दिलं की."

"हात कसा वर केला त्यांनी?"

ते आशेरला आठवत होतं. आठवायचं नव्हतं, पण आठवत होतं. सिंधूताईंचा हात पूर्ण वर गेलाच नव्हता. कोपरात मोडलेला, खांद्याच्या जरा वर. मान खाली. जणू कुणी दुसऱ्यानंच तो धरून उचलला होता.

"अर्धा," तो शेवटी म्हणाला.

"सभेच्या आधी त्यांच्याशी बोलला होतास?"

"नाही."

"उजव्या हाताला जे कुणी होते त्यांच्याशी?"

"नाही, बाबा."

"कुणाशी?"

आशेरचा हात थरथरू लागला होता. कपाळावर घाम आला होता.

"प्रार्थना केली होती," तो म्हणाला. "आदला सगळा दिवस. उपास धरून."

"चांगलं केलंस."

पुन्हा शेंगांचा आवाज. हलका, कोरडा.

आशेरला एकाएकी बसवेना. जे त्यानं सुवार्तेलाही सांगितलं नव्हतं, ते तोंडून निसटलं.

"सभा सुटल्यावर सिंधूताई व्हरांड्यात थांबल्या होत्या. माझ्यासाठीच. म्हणाल्या, 'भाऊ, आधी घरी येऊन एक शब्द टाकला असता तर मीही तुमच्या बाजूनं हात वर केला असता. आणखी दोघं-तिघं होती मनातून. पण पहिलं कोण बोलणार…'"

"मग? तू काय म्हणालास?"

आशेरनं डोळे मिटले.

"मी म्हणालो, 'ताई, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. कुणाच्या दारात जाऊन मागायची गोष्ट नाही ही.'"

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. पदर सावरला आणि गेल्या."

व्हरांड्यातून त्या पाठमोऱ्या जात असताना आपल्याला बरं वाटलं होतं, हे तो बोलला नाही. आत कुठंतरी एक ऊब पसरली होती. बघ, कुणीच नाही. एकटाच आहेस तू. त्या उबेवर त्यानं ते सगळे दिवस काढले होते. बाकावर, ओस पडलेल्या ओट्यावर, फोन न वाजणाऱ्या घरात. सुवार्ता एकदा ताट वाढताना म्हणाली होती, "तुम्ही घरात असता हो, पण असता कुठं?" तेव्हाही त्याला वाटलं होतं, हिलाही कळायचं नाही.

आता ती ऊब नव्हती. नुसता दुखणारा हात होता.

"वस्ती उठवली?" बाबांनी विचारलं.

"उठवली. यंत्रं आली होती. घरापर्यंत आवाज येत होता."

"तू कुठं होतास?"

"घरात. खिडकी लावून गुडघ्यांवर होतो, बाबा. त्यांच्यासाठीच मागत होतो…"

"कुणासाठी?"

"वस्तीतल्या लोकांसाठी."

"नावानं?"

आशेरला एक नाव आठवलं. झिपाबाई. निवडणुकीत तिनं त्याला अंगणात बसवून गुळाचा चहा दिला होता, नदीतले मासे दाखवले होते, आणि "इसरू नको रं दादा" म्हणाली होती. दुसरं नाव आठवेना.

"आता कुठं आहेत ती माणसं?"

"माहीत नाही," आशेर म्हणाला. मग अगदी हळू, "माहीत नाही, बाबा. गेलोच नाही. कोणत्या तोंडानं जाऊ? मला थांबवता आलं नाही काहीच."

त्याचा हात आता पडणारच होता. तेवढ्यात बाबा उठले. गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत, वेळ लावून उठले. त्याच्यापाशी आले आणि त्याच्या कोपराखाली त्यांनी आपला तळवा धरला.

म्हाताऱ्याचा तळवा स्वतःच थरथरत होता. त्यात जोर असा नव्हताच. तरी आशेरचा हात वर राहिला.

कितीतरी वेळ दोघं तसेच होते. ऊन उतरत होतं. गावातल्या मंदिराची घंटा झाली. उपासनेला बोलावणारी नव्हे. कुणाची तरी मयत असावी. आशेरनं घंटेकडे कान दिला, आणि त्याच्या ध्यानात आलं की गावात कोण गेलं हे आपल्याला ठाऊक नाही. आणि आपल्याला कळवायला कुणी येणारही नाही.

"मोशेला दोघं होते," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लढाई चालू होती तेव्हा. त्याचे हात खाली आले की त्याची माणसं हरायची. म्हणून अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरले. तुम्ही शिकवलं होतंत…"

"हो. शिकवलं होतं."

"देवानं त्याला दोन माणसं दिली. मला एकही दिलं नाही."

"त्याच्याखाली एक दगडही ठेवला होता, बसायला," बाबा म्हणाले. "दमलोय, हे आधी त्यानं कुणाला तरी सांगितलं असेल."

आशेरचा हात खाली आला. त्यानं तो मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाबत राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यानं ते पुसलं नाही. पक्षानं काढलं त्या दिवशी तो रडला नव्हता, मंदिराच्या दारातही नाही.

बाबा पुन्हा सुपाशी जाऊन बसले. फार शेंगा उरल्या नव्हत्या. आशेर जवळ सरकला आणि तोही त्या फोडू लागला. बोटं बधिर झाली होती, दाणे निसटत होते.

सूप रिकामं झालं तसा तो उठला. पायांत वहाणा घातल्या. पायऱ्यांपाशी थांबला. खाली गाव दिसत होतं. नगरपालिकेची गच्ची, मंदिराचा मनोरा, आणि नदीकाठची ती मोकळी, उकरलेली जागा. इथून ती लहानशी दिसत होती, पायानं झाकता येईल एवढी.

"नगरसेवकपदाचा राजीनामा देऊ का, बाबा?"

बाबा टरफलांची टोपली झाडत होते.

"कुणाला विचारून देशील?"

आशेरनं मान हलवली. पण पाऊल निघेना. ज्या एका गोष्टीसाठी तो एवढी टेकडी चढला होता, ती अजून विचारायची राहिली होती. शेवटी लहान मुलासारखं त्यानं विचारलं, "एवढंच सांगा. मी बरोबर होतो की नाही?"

बाबांनी टोपली खाली ठेवली. लिंबाच्या झाडाकडे पाहिलं… खाली, नदीकडे पाहिलं…

"होतास, आशेर. बरोबर होतास."

आशेरनं श्वास सोडला.

"कुणाबरोबर होतास?"