पाटाचा सत्कार

झाडं आपलं गाऱ्हाणं स्वतःच्या तोंडाने मांडत, त्या काळातली गोष्ट. गेनाबाईच्या पपईच्या बागेत एक पाट होता. आपल्याइतका दानशूर पंचक्रोशीत नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. विहिरीचं पाणी सुटलं की तो बांधापर्यंत सगळं तळं करून टाकी.

त्या उन्हाळ्यात गेनाबाईने निम्म्या बागेत ठिबकची नळी अंथरली. झाडाच्या मुळाशी थेंब थेंब सोडणारी ती नळी बघून पाटाला कीव आली. "द्यायचं तर सढळ हाताने द्यावं," तो म्हणाला. "हे काय, डोळ्यांत औषध घातल्यासारखं?"

"म्हणून तर तुमचा सत्कार ठेवलाय, दादा," काठावरचा लव्हाळा म्हणाला. हरळीनेही मान डोलावली. पाटाच्या कृपेने सगळ्या तणांची पोरंबाळं कशी अंगाने भरली होती.

काठच्या पपईचा सूर तेवढा वेगळा लागला. "पाटदादा, जरा आवरा. बुडाशी पाणी साचून माझं खोड सडायला लागलंय. आणि विहिरीतलं पाणी पावसाळ्यापर्यंत पुरायला हवं."

"फुकट मिळतंय, तर वर तोंड करून बोलते," पाट म्हणाला आणि त्याने दुप्पट पाणी तिच्याच बुडाशी सोडलं.

सत्काराच्या दिवशी, तणांची भाषणं रंगात आली असताना, पपई कच्च्या फळांसकट कलंडली आणि पाटापुढे आडवी पडली.

पाट गहिवरला. "बघा," तो म्हणाला, "उशिरा का होईना, पाया पडायची अक्कल आली तिला."