शवागारातला सांधा

“अजून काय यायचं राहिलंय मला, उस्ताद?”

प्रफुल ठवरेने गाडी चालवता चालवता विचारलं. शेजारी अमीनभाई हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

कंत्राटदाराचा परवाना मिळाला, की प्रफुल स्वतःच्या नावावर एसीची कामं घेऊ शकणार होता. लेखी परीक्षा तो पहिल्याच खेपेला पास झाला होता. अर्जावर आता एकच सही हवी होती, ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्यांची. अमीनभाई नाही म्हणत नव्हते. सहीही करत नव्हते.

“आधी आजचं काम बघू,” ते म्हणाले.

काम तालुक्याच्या दवाखान्यात होतं, शवागारात. ऐन वैशाखात तिथली शीतपेटी बंद पडली होती. बाहेर बाकावर बोंद्रे मास्तर एकटेच बसले होते. त्यांची पत्नी आत बर्फाच्या लाद्यांवर होती. मुलगा परदेशातून निघाला होता, उद्या दुपारी पोचणार होता. तोवर पेटी चालायला हवी होती.

प्रफुलने गळती शोधली, तांब्याच्या नळीचा सांधा नव्याने झाळला. प्रेतं ठेवायच्या त्या पेटीला हात लागला, की तो लगेच चिंधीने मनगटापर्यंत हात पुसून घेई. मास्तर दारातून ते पाहत होते.

मग त्याने पंप लावून नळीतली हवा ओढून काढली. आता रीत अशी, की पंप बंद करून दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर सांधा पक्का, मगच गॅस भरायचा.

प्रफुलने मास्तरांना सांगून टाकलं, “काका, झालंच समजा.” आणि गॅसची टाकी पुढे ओढली.

अमीनभाईंनी टाकीवर हात ठेवला.

“बस.”

“उस्ताद, काका खोळंबलेत. काटा काय पळून जाणार आहे?”

“तेच बघतोय.”

दोघे बसले…

काटा हलला. अगदी जरासा.

“जा, सांग त्यांना,” अमीनभाई म्हणाले.

“तुम्ही सांगा ना.”

“कंत्राटदार कोण होणार आहे?”

प्रफुल बाहेर गेला. लाइट कमी-जास्त होते, नळी जुनी आहे, असं काही सांगता आलं असतं. मास्तरांनी मान वर केली आणि ते त्याच्या तोंडून निघेना.

“काका, माझा सांधा गळतोय. परत करावा लागेल. झालं म्हणालो, ते चुकलं माझं.”

मास्तरांनी शवागाराच्या दाराकडे पाहिलं.

“हिला थंडी सोसायची नाही,” ते म्हणाले. “वैशाखातसुद्धा पंखा बंद करायची.”

 बाजारात जाऊन प्रफुलने स्वतः बर्फ आणला, लाद्या बदलायला दवाखान्याच्या शिपायाला हात दिला. मग सांधा पुन्हा झाळला. पुन्हा पंप, पुन्हा काटा…

काटा जागचा हलला नाही. तरी प्रफुल उठला नाही. अमीनभाईंनीच शेवटी टाकी त्याच्याकडे सरकवली.

पेटी घुमू लागली. आत पुरेसा गारवा धरल्यावर शिपायांनी बाईंना आत ठेवलं. मास्तर दाराशी आले.

“फार थंड आहे का हो आत?”

प्रफुल आकडा सांगणार होता. सांगितला नाही. त्याने हात आत घातला, बाईंच्या खांद्यापाशी, आणि तसाच ठेवला. बोटं बधिर होईपर्यंत.

“आहे, काका…” तो म्हणाला. “उद्या मुलगा येईपर्यंत मी इथून हलत नाही.”

त्याने पेटीचं दार लावलं आणि त्याच हाताने मास्तरांचा दंड धरून त्यांना बाकापर्यंत आणलं.

उन्हं उतरली. अमीनभाई म्हणाले, “तो कागद आण.”

“आज नको, उस्ताद. सांधा गळला माझा.”

“सांधे गळतात.”

हत्यारांच्या पिशवीवर कागद ठेवून त्यांनी सावकाश सही केली. प्रफुल त्या सहीकडे पाहत राहिला.

“मग काय बघून केलीत?”

अमीनभाईंनी पेनाला टोपण लावलं.

“हात पुसला नाहीस.”