हौसाईनं दोनदा विचारलं

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. निळ्या डोहाच्या अलीकडे नवगाव नावाचं एक राज्य होतं. राज्य कसलं, पाच वाड्या. दुष्काळातून आलेल्या माणसांनी वसवलेलं, अवघं तीन वर्षांचं. डोहापलीकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचं जुनं राज्य. नवगावच्या भाताला पाणी यायचं ते तिकडच्या मोरीतून, कड्यात कोरलेल्या पाटानं.

एके वर्षी भात ऐन पोटरीत असताना मोरी बंद झाली. नवगावनं दोनदा माणूस पाठवला. पलीकडे त्याच्याशी कोणी शब्दसुद्धा बोललं नाही. शेतं पिवळी पडू लागली. तेव्हा नवगावच्या तरण्या नाईकानं, रायाजीनं, लढाई पुकारली. त्याचं चुकलं, असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

डोह ओलांडायचा तर हौसाईच्या नावेतूनच. आणि हौसाईची रीत अशी, की काठावर विचारायचं, "कशाला निघालास?" आणि मधोमध पुन्हा तेच विचारायचं.

काठावर रायाजी म्हणाला, "पाण्यासाठी, आत्या."

मधोमध हौसाईनं पुन्हा विचारलं. तोवर तलवारी ऊन खाऊन चमकत होत्या. रायाजी म्हणाला, "आमच्या माणसाशी शब्द बोलले नाहीत ते. नाक घासायला लावतो!"

हौसाईनं वल्हं उचलून धरलं. नाव आपोआप मागं वळली, असं म्हणतात.

"म्हातारे, डोक्यावर पडलीस काय?"

"मी नाही रे बाबा. तूच दोन गावांना निघालायस. एक ठरव."

दुसऱ्या दिवशी तो दोन्ही वेळा म्हणाला, "पाण्यासाठी."

"मग तलवारी कशाला?"

"नाही दिलं तर."

"हे खरं बोललास," म्हणत तिनं नाव पलीकडे लावली.

तिथं सगळ्यांची डोकी भादरलेली. मोरीच्या फळीवर राजाचं पागोटं ठेवलेलं. राजा गेला, की तेरा दिवस तिथं मोरी बंद आणि परक्याशी बोलणं बंद. तीन वर्षांच्या नवगावला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी अकरावा होता.

रायाजी एकटाच उतरला. मोरीपाशी बसलेल्या राणीला म्हणाला, "राणीसाहेब, आमचं भात तेराव्यापर्यंत जगणार नाही."

राणीनं मौन मोडलं. "आधी का नाही सांगितलंस?"

"दोनदा माणूस पाठवला होता."

राणीनं मान खाली घातली. मग उठून तिनं स्वतःच्या हातानं पागोटं उचललं आणि फळी काढली. नाव परत लागायच्या आत भात हिरवं झालं होतं, असं म्हणतात.

अजूनही नव्या भाताच्या वेळी हौसाईच्या नावानं दोन्ही काठ एका पंगतीला बसतात, आणि रायाजीनं लढाई पुकारली ते बरोबर की चूक, यावर भांडतात. रीत अशी, की बाजू रायाजीची घ्यायची पलीकडच्यांनी, आणि राणीची नवगावकरांनी. पलीकडची म्हातारी ओरडते, "अरे, पोराबाळांचं अन्न जळत होतं, काय करील तो?" नवगावचा म्हातारा म्हणतो, "पण वहिनी, घरात मयत झालेलं!"

निकाल आजवर लागलेला नाही. पंगतीतला भात मात्र दर वर्षी संपतो.