अंगठाभर कुसू

ओढ्याकाठच्या एका गावात एक कातारी राहत होता. चरकावर लाकूड फिरवून तो पाळण्याचे खूर, पलंगाचे पाय असलं गोल काम करायचा. चरकाची वादी ओढायला त्याची बायको. ती ओढायची आणि बोलायची, दोन्ही एकदमच.

ओढ्यावर लाकडी साकव होता, पण त्याला कठडा नव्हता. गेल्या वर्षी कातारणीची आई लेकीकडे येताना साकवावरून घसरली आणि गळ्याइतक्या पाण्यात पडली. वाचली म्हणा, पण तेव्हापासून म्हातारीने पलीकडून हाक मारायची आणि लेकीने अलीकडून ओ द्यायची, असं चाललं होतं. "हाताला धरायला काही घट्ट मिळेल त्या दिवशी येईन," म्हातारी तिकडून ओरडून सांगायची.

शेवटी दोन्ही काठच्या लोकांनी कठडा करायचं ठरवलं. पलीकडच्या सुताराने तुळया करून त्यांना भोकं पाडायची आणि अलीकडच्या कातारीने उभे चाळीस दांडे कातायचे. दांड्याचं टोक बारीक करून भोकात ठोकतात, त्या टोकाला कुसू म्हणतात. कुसू जाड झालं तर तुळई तडकते, बारीक झालं तर दांडा खुळखुळतो. माप ठरलं अंगठाभर. दोघा कारागिरांनी माना डोलावल्या आणि आपापल्या घरी गेले.

कातारीने आपल्या अंगठ्याशी लावून लावून तीस दांडे कातले. मग एक दिवस कातारीण धुणं घेऊन ओढ्यावर गेली. समोरच्या काठावर सुताराच्या तुळया पडलेल्या. ही कसली गप्प बसते. साकव ओलांडून गेली आणि भोकात अंगठा घालून आली.

"अहो, सुताराच्या भोकात माझा अंगठा गरागरा फिरतोय."

"तुझा फिरणारच. माझा बसेल."

"तुमचाही फिरेल. त्या सुताराचा अंगठा पाहिलाय का कधी? केळं आहे केळं."

कातारीचं तोंड उतरलं. पण तो म्हणाला, "मग काय झालं? थोडं सैल झालं तर पाचर ठोकू. वरून रंग दिला की कोणाला दिसतंय?"

कातारणीने वादी खाली ठेवली. "माझ्या आईच्या हाताखाली पाचर देणार? बरं. मग ती पडली की ओढ्यात उतरायला तुम्हीच जा."

आता अडचण अशी, की त्या भागात कातारीने सुताराकडे किंवा सुताराने कातारीकडे माप मागायला जाणं म्हणजे मोठा कमीपणा. तीन पिढ्यांत कोणी गेलं नव्हतं. पण कातारी चरकावरून उठला. मग त्याने शिसवाची एक लहान फळी काखेत मारली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, सुताराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"या कातारीबुवा," सुतार म्हणाला. "अंगठा हरवला की काय?"

ओट्यावरची चार माणसं हसली.

"अंगठा आहे, सुतारदादा," कातारी म्हणाला. "पण तुमच्या भोकाला तो ओळखीचा नाही. ज्या गिरमिटाने तुळयांना भोकं पाडलीत, त्याच गिरमिटाने या फळीला एक भोक पाडून द्या."

सुताराने हसत हसत भोक पाडून दिलं. कातारीने घरी येऊन भोकाच्या दोन्ही कडांपासून फळीच्या काठापर्यंत करवत घातली. भोकाला खालून तोंड उघडलं आणि फळीचा चिमटा झाला. कुसू कातताना चरक थांबवायचा आणि चिमटा त्याच्यावर बसवून बघायचा. अडला तर अजून थोडं कातायचं, अलगद बसला की हात काढायचा.

"दर चार ओढींना थांबा, थांबा," कातारीण कुरकुरली. "चालू चरकावरच लावून बघा ना."

"फिरत्या लाकडावर घासला तर चिमट्याचं तोंड मोठं होईल. मग हाही केळं होऊन बसेल."

ती हसली आणि थांबत गेली. आधीचे तीस दांडे बाजूला पडले. त्यांची पुढे लाटणी झाली आणि गावात घरोघरी गेली. कातारीने पहिल्यापासून चाळीस दांडे कातले, दोन्ही टोकं धरून ऐंशी कुसवं.

बसवायच्या दिवशी दोन्ही काठ माणसांनी भरले. सुतार टोपलीभर पाचरी घेऊन आला होता. "लागतीलच," तो लोकांना सांगत होता.

कातारीने पहिला दांडा भोकावर धरला आणि मोगरीचा एक ठोका दिला. कुसू आत गेलं ते बसलंच. दुसरा दांडा, एक ठोका. तिसरा, एक ठोका. विसाव्या दांड्याला लोक मोठ्याने मोजू लागले. तिसाव्याला सुताराने टोपली खाली ठेवली आणि स्वतः दांडे उचलून हातात देऊ लागला. चाळिसावा बसला, दांड्यांवर वरची तुळई चढली, तेव्हा दोन्ही काठांवर असा गलका झाला की झाडावरचे बगळे उडाले. सुताराच्या पाचरींवर त्या दिवशी सगळ्यांचा भात शिजला.

सुतार कातारीजवळ येऊन हळूच म्हणाला, "तो चिमटा जरा बघायला द्याल?"

"घेऊनच जा. मी तुमच्याच भोकाचा दुसरा करीन."

मग म्हातारी आली. सगळे वाट बघत उभे राहिले, पण तिने घाई केली नाही. पहिला दांडा दोन्ही हातांनी गदागदा हलवला. मग दुसरा. असे चाळीसच्या चाळीस दांडे हलवत ती अलीकडे पोचली, लेकीला पोटाशी धरलं आणि जावयाकडे बघून म्हणाली,

"जावईबापू, एकही हलला नाही. माझे हात मात्र दुखायला लागले."

तात्पर्य: आपलं काम दुसऱ्याच्या कामात बसवायचं असेल, तर माप त्याच्या दारात जाऊन घ्यावं. विचारायला गेलेला माणूस लहान होत नाही, त्याचं काम पक्कं होतं.