घोडा नेमका कुठं लंगडतो

"...मग एक कार्ड घेऊ की दोन, अण्णा? आणि सिस्टीम कुठली घालू, विंडोज की लिनक्स?"

अण्णा शेंगा फोडत होते. दाणा तोंडात, टरफल सुपात.

"कसलं कार्ड?"

"ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र काढून देतं ते. तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही नुसतं बोट ठेवा."

प्रज्वल मगदूमनं यादी पुढं सरकवली.

आदगोंडाअण्णा गावाबाहेरच्या मठात राहायचे. तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढउतार करून निवृत्त झालेला लाईनमन. अंगावर भगवं नाही, डोक्यावर जटा नाहीत. तरी बैल घ्यायचा असो की सोयरीक जुळवायची असो, गाव दोन नावं घेऊन त्यांच्याकडं यायचं आणि अण्णा एकावर बोट ठेवायचे. पुष्कळदा ठेवायचेही नाहीत.

प्रज्वल स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवायचा. वर्षभर रोज सकाळी अर्धा तास तो अण्णांसमोर डोळे मिटून बसत होता. उरलेला दिवस गावाला शहाणपण शिकवायचा. गावातल्या सहा घरांतले कॉम्प्युटर त्यानंच कार्डं घालून जोडले होते, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

"जुन्याला काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"घोडा लंगडतो."

अण्णांचा शेंगेवरचा हात थांबला.

प्रज्वलनं मग नीट सांगितलं. पुण्याच्या एका ॲनिमेशन स्टुडिओनं त्याच्याकडं एका मिनिटाची फिल्म मागितली होती. रविवारपर्यंत. पसंत पडली तर नोकरी. त्यानं माळावरनं पळणारा घोडा घेतला होता. पण काम करताना पडद्यावर घोडा दोन पावलं टाकायचा, अडकायचा, मग झटका देऊन एकदम पुढं जायचा. पाय कुठं पडतोय तेच दिसेना, तर पळवायचा कसा?

"ते लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत, अण्णा." इथं त्याचा आवाज जरा उतरला.

"आज वार कुठला?"

"गुरुवार. दुपारी कोल्हापूरला जातो आणि सगळं नवीन आणतो. दोन कार्डं टाकली की घोडा काय, हत्ती पळेल."

"जुन्यात कार्ड न्हाई?"

"आहे की. आठ महिन्यांपूर्वीच घातलंय. दणकट म्हणून आणलं, निघालं फुसकं."

"आन हितं."

"काय?"

"घोडा. बघू तर दे."

प्रज्वल मनात हसला. फोनच्या डब्यांत जन्म गेलेला माणूस आता ग्राफिक्स बघणार! पण गुरूचा शब्द मोडायचा कसा? तासाभरात रिक्षातनं कॉम्प्युटरची पेटी आली, पडदा आला, वायरींचं भेंडोळं आलं. मठाच्या पडवीत प्रज्वलनं सगळं मांडलं.

"जोड," अण्णा म्हणाले.

"मला बघावंसुद्धा लागत नाही." असं म्हणून त्यानं खरोखरच डोळे मिटले. हात पेटीच्या मागं गेला. एक वायर, दुसरी, तिसरी. खट्. खट्. खट्. डोळे उघडून तो अण्णांकडं बघायला लागला.

"हात बसलाय तुझा," अण्णा म्हणाले.

प्रज्वल सुखावला.

पडदा उजळला. माळ दिसला, घोडा दिसला. दोन पावलं... अडकला... झटका.

"बघितलंत?"

अण्णा उठले. पडद्याच्या मागं गेले. तिथनं निघालेली वायर त्यांनी दोन बोटांत धरली आणि बोटं तिच्यावरनं हळूहळू सरकवत पेटीकडं निघाले. खांबाखांबावर असंच केलं असणार त्यांनी.

"ह्यातनं काय जातंय?"

"चित्र. पेटीतनं पडद्याकडं."

"आनी चित्र काढतंय कोण?"

"कार्ड. मघाशी सांगितलं की."

बोटं पेटीपर्यंत पोचली. वायर जिथं आत शिरत होती त्या खोबणीवर अण्णांनी बोट ठेवलं.

"मग हे तुझं कार्ड?"

"छे, अण्णा. कार्ड खाली असतंय. हे बघा..."

प्रज्वल वाकला. त्यानंही बोट ठेवलं.

तिथं तीन खोबणी होत्या. तिन्हींवर कंपनीची काळी टोपणं होती. नवीकोरी. आठ महिन्यांत एकही निघालं नव्हतं.

अण्णांचं बोट वर. प्रज्वलचं बोट खाली. मधे वीतभर अंतर.

...

वरच्या खोबणीत चित्र काढायची पेटीची स्वतःची जुजबी सोय असते, पत्रबित्र टाईप करण्यापुरती. आठ महिने सगळा भार तिनंच ओढला होता, आता घोडासुद्धा. दणकट कार्ड खाली टोपणं घालून बसलं होतं.

प्रज्वलचे कान लाल झाले. त्यानं एक टोपण काढलं. वायर वरनं उपटली, खाली लावली. या वेळी बघून.

घोडा आला. चारी पाय मोकळे करून माळावरनं पळाला आणि पडद्याच्या कडेबाहेर गेला.

प्रज्वलनं त्याला परत बोलावलं. परत पळवलं. परत. तो हसत होता आणि डोळे पुसत होता. एवढा आनंद त्याला कार्ड विकत घेतलं त्या दिवशीही झाला नव्हता.

अण्णा सुपाशी जाऊन बसले होते.

"बरा हाय घोडा. लगाम घातला न्हाईस ते चांगलं केलंस." त्यांनी एक शेंग फोडली. "मग शिस्टीमचं काय ठरलं?"

"राहू दे जुनीच. तिनं काय वाकडं केलंय?"

"आनी ती सहा घरं?"

प्रज्वलचं हसू मावळलं.

"ती बी डोळं मिटूनच?"

"...हो."

अण्णांनी टरफलं झटकली.

मंगळवारी सकाळी प्रज्वल मठात आला तो पेढे घेऊनच. फिल्म रविवारी गेली होती, सोमवारी पुण्याहून फोन आला होता. एक तारखेपासून कामावर या म्हणाले होते. त्यानं अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग पुढ्यात बसला.

"सहाही घरं फिरलो, अण्णा."

"मग?"

"पाच घरी तीच बोंब, वायर वर. पहिल्या घरी जड गेलं. म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी चहा पाजला. मग पुढच्या घरांत सोपं गेलं."

"सहाव्या घरी?"

"सुनंदामावशींनी मी जोडून गेलो त्याच दिवशी संध्याकाळी वायर खाली लावली होती. पेटीबरोबरचा कागद वाचून. म्हटलं, मावशी, मला सांगायचं नाही होय? तर म्हणाल्या, तू इचारलंस कुठं?"

अण्णा खो खो हसले. प्रज्वलही हसला. स्वतःवर हसायला त्याला आजवर कधी जमलं नव्हतं. आज जमलं, आणि बरं वाटलं.

मग नेहमीसारखी त्यानं घोंगडी अंथरली. मांडी घातली, पाठ ताठ केली, डोळे मिटले.

चिंचेवर पोपटांचा दंगा चालला होता. बराच वेळ गेला.

"प्रज्वल..."

"जी, अण्णा?"

"आजपास्नं उघडं ठेवून बस."